मास्तरांच्या कॉर्नेटचं लॉकेट

१

तृप्ती गांगुर्डेने लॉकेट हातात घेतलं, त्याच्या कडीत मधलं बोट घातलं, आणि बोट नखापाशीच अडलं तेव्हा तिचा चेहरा उतरला.

"हे बाबांचं नाहीये," ती म्हणाली.

काउंटरच्या आत उभ्या असलेल्या शुभांगी दुसानेला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. सराफ बाजाराच्या आतल्या बोळात तिचं दुकान चोवीस वर्षं चालू होतं. दागिने ती स्वतः घडवायची आणि आठवड्यातून दोन दिवस एका बँकेसाठी तारणाचं सोनं तपासून द्यायची. गिऱ्हाईक नाराज होणं तिला नवं नव्हतं. साखळी आखूड झाली, पॉलिश फिकं आलं, अंगठी बोटात फिरते, असं रोज कुणी ना कुणी म्हणायचं. पण वस्तूच आमची नाही, असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

शिवाय वस्तू होती पितळेची.

तृप्तीचे वडील धनराज मास्तर गांगुर्डे बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचे. कॉर्नेट म्हणजे ट्रंपेटचा आखूड भाऊ. नाशिकपासून देवळ्यापर्यंत कितीतरी वराती त्यांच्या फुंकीवर नाचत मांडवात पोचल्या होत्या. दोन महिन्यांपूर्वी ते गेले. जाण्याआधी दवाखान्यात त्यांनी कॉर्नेटचा माउथपीस, म्हणजे ओठांना लावायचा तो वाटीसारखा चांदीचा मुलामा दिलेला तुकडा, मुलीच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "हे तुझं." तृप्ती नर्स होती. रविवारच्या विमानाने ती जर्मनीला नोकरीवर निघाली होती. वॉर्डात हातात काही घालू देत नाहीत, म्हणून तिने गळ्यातलं मागितलं. शुभांगीने माउथपीसची वरची गोल कड कापली, घासून गुळगुळीत केली आणि चांदीच्या साखळीत ओवली.

"असं का वाटतं तुला?" शुभांगीने विचारलं.

"लहानपणापासूनचा खेळ आहे माझा. बाबांच्या माउथपीसमध्ये बोट घालायचे मी. मधलं बोट पार तळाला टेकायचं. दवाखान्यातसुद्धा घालून बघितलं होतं." तिने पुन्हा प्रयत्न केला. "हे बघा. जातच नाही."

तिच्याबरोबर तिचा काका आला होता. जीवन गांगुर्डे, मास्तरांचा धाकटा भाऊ. बँडचा सगळा कारभार तोच बघायचा आणि वरातीत मोठा ढोल वाजवायचा. आवाजही ढोलासारखाच होता.

"बदललात ना बाई तुम्ही?"

"पितळेचा तुकडा मी कशाला बदलू?"

"ते तुम्हालाच माहीत. कापताना फुटला असेल आणि दुसरा घातला असेल गपचूप." त्याने खिशातून मोबाइल काढला. "आत्ता ग्रुपवर टाकतो. बँडवाले, बँजोवाले, चारशे लोक आहेत त्यात. लग्नाचे दागिने कुठं करायचे नाहीत ते कळू दे सगळ्यांना."

"काका, थांबा ना," तृप्ती म्हणेपर्यंत त्याने बोट दाबलंसुद्धा होतं.

शुभांगी चिडली नाही. निदान चेहऱ्यावर तरी तिने तसं येऊ दिलं नाही. खणातून टॅब काढून तिने एक फोटो उघडला. वस्तू घेताना ती पट्टीवर ठेवून, गिऱ्हाइकासमोर फोटो काढायचा, ही तिच्या वडिलांपासूनची शिस्त. फक्त त्यांच्या वेळी चोपडीत चित्र काढायचे. फोटोत माउथपीस होता, पट्टी होती आणि कडेला तृप्तीचा हात होता, मनगटावरच्या काळ्या दोऱ्यासकट.

"आतलं माप साडेपंधरा मिलिमीटर," शुभांगी म्हणाली. मग मापकाचे दोन टोकदार पाय लॉकेटच्या कडीत घातले. "हेही साडेपंधरा. खालची दांडी मी तुम्हाला परत द्यायला ठेवलीच आहे. ती या कडीला लावा, कापलेली रेघ जुळते की नाही बघा."

तृप्तीने जुळवून पाहिलं. रेघ केसाच्याही फरकाशिवाय जुळली.

"म्हणजे तू मला जे दिलंस, तेच मी कापलंय. अदलाबदल झाली असेल तर ती वस्तू माझ्याकडे येण्याआधी. तुमच्या घरात."

जीवनने दांडी आणि कडी स्वतः जुळवून बघितली. मग त्याच्या तोंडून एकच शब्द बाहेर पडला.

"मनोज!"

२

मनोज हा मास्तरांचा शागीर्द. पंचविशीतला पोरगा, सात वर्षं मास्तरांच्या हाताखाली कॉर्नेट शिकला होता. मास्तर गेल्यावर त्यांचं कॉर्नेट घरच्यांनी त्यालाच देऊन टाकलं होतं.

"वाद्य मिळालं तरी समाधान नव्हतं त्याला," जीवन म्हणाला. "माउथपीसही द्या म्हणून तृप्तीच्या मागं लागला होता. हिनं नाही म्हटलं. घेतला असेल मग हातचलाखीनं. बघतोच त्याच्याकडे."

"ग्रुपवरचा मेसेज आधी काढा," शुभांगी म्हणाली.

"खरा माउथपीस मिळू दे, मग काढतो."

तो तरातरा निघून गेला. तृप्ती मात्र थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती नीट विचार करून बोलत होती. माउथपीस दवाखान्यातून आणला तो तिने घरी हॉलमधल्या कपाटात, लाल कापडी थैलीत ठेवला. तेरावं, भेटायला येणारी माणसं, सगळं त्या हॉलमध्येच झालं. कपाटाला कुलूप नव्हतं. दुकानात यायच्या दिवशी तिने थैली उचलली आणि आत डोकावून न बघता पर्समध्ये टाकली.

"थैलीला कोण हात लावू शकत होतं?"

"जीवनकाका. मनोज. लहानूबाबा, ते क्लॅरिनेट वाजवतात, बाबांचे सगळ्यात जुने मित्र. आई तर घरातच असते. बाकी आले-गेले सगळे आमच्या डोळ्यांसमोर बसून गेले." तिने लॉकेट काउंटरवर ठेवलं. "मॅडम, मला रविवारी निघायचंय. जाताना गळ्यात बाबांचं काहीतरी पाहिजे हो. आणि त्या मेसेजचं मला खरंच वाईट वाटतंय."

ती गेल्यावर शुभांगीने दिव्याखाली उरलेली दांडी धरली आणि डोळ्याला भिंग लावलं. खऱ्याखोट्याचा निवाडा करण्यातच तिची निम्मी जिंदगी गेली होती, त्यामुळे वस्तूकडे बघताना ती माणसांना बाजूला ठेवायची.

मुलाम्यावर बारीक ओरखडे होते, गोल गोल, एकात एक, कुणीतरी जोर लावून घासल्यासारखे. काही ठिकाणी चांदी उडून पितळ दिसत होतं, आणि ते पितळ अगदी ताजं, पिवळंधमक होतं. वर्षानुवर्षांच्या वापराने उघडं पडलेलं पितळ असं दिसत नाही, ते तपकिरी होतं. कापतानाच तिला हे जाणवलं होतं, पण मुलीने देण्याआधी स्वच्छ केलं असेल म्हणून तिने तेव्हा लक्ष दिलं नव्हतं. आता तिने चिमट्याने दांडीच्या अरुंद भोकातून काहीतरी ओढून काढलं. तपकिरी रंगाचा, बोटाच्या पेराएवढा एक चिवट धागा. दोऱ्याचा नव्हता. तिने तो नाकाशी नेला, मग जिभेच्या टोकाला लावला.

मग तिने तृप्तीला फोन करून एकच प्रश्न विचारला. "देण्याआधी तू ते घासलं होतंस का?"

"नाही हो. मी तर थैलीतून काढलंही नव्हतं."

३

भद्रकालीतल्या बँडच्या खोलीत लहानूबाबा क्लॅरिनेटचे सांधे पुसत बसले होते. सत्तरी ओलांडलेले, पण बोटं अजून चपळ होती. भिंतीवर लाल-सोनेरी कोट ओळीने टांगलेले होते. शुभांगीने आपली ओळख सांगितली तसे ते हसले.

"तुम्हीच व्हय त्या? जीवननं ग्रुपवर टाकलंय ते वाचलं. मनावर घेऊ नका. पोरगं तापट हाय, पण मनात नाय त्याच्या काही."

"बाबा, मास्तरांकडे माउथपीस किती होते?"

"दोन. एक कायमचा वाजवायचा, रुंद तोंडाचा, पुरता सतरा मिलिमीटरचा. आवाज कसा भरदार यायचा त्यातून! आन् एक जुना, बारीक तोंडाचा. त्याच्यावर ते शिकले, बारा वर्षांचे असताना. मोठा घेतल्यापासून तो पेटीच्या कप्प्यात नुसता पडून. काळा ठिक्कर झाला व्हता."

"बाहेरून दोन्ही सारखेच दिसायचे?"

"एकाच कारखान्याचे. लांबून सारखेच. वाजवणाऱ्याला ओठ लावला की कळणार."

शुभांगीने कागदाच्या पुडीतली दांडी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती खिडकीपाशी नेली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हा जुनाच. पण हे कुणी केलं? पार सोलून काढलाय बिचाऱ्याला."

"तुम्ही मंडळी कशाने साफ करता?"

"कोमट पाणी आन् मऊ फडकं. बास. मुलाम्याला आंबट आन् खरबरीत लावायचं नाय, हा पहिला धडा. वाद्याला हात लावायच्या आधी मास्तर हे शिकवायचे. जीवननं एकदा पोरवयात लिंबू चोळलं व्हतं, तर मास्तरांनी त्याला दोन दिवस ढोल वाजवू दिला नाय. तवापासून जीवन मखमलीच्या फडक्याशिवाय कशाला हात लावत नाय."

शुभांगी निघायला उठली, तेव्हा त्यांनी स्वतःच्या ओठांवर बोट फिरवलं. "क्लॅरिनेटवाल्याला काही खूण राहत नाय. कॉर्नेटवाल्याच्या ओठावर गोल कडी उमटते, कायमची. मास्तरांना शेवटचं निजवलं ना बाई, तवासुद्धा ती कडी तशीच दिसत व्हती. आता हे उठून वाजवतील, असं वाटत व्हतं."

४

मनोज भेटला तो सीबीएस बसस्थानकाजवळच्या चहाच्या टपरीवर. लग्नाची तिथी नसेल तेव्हा तो घरोघर पार्सल पोचवायचं काम करायचा. त्याच्या शर्टाचं वरचं बटण तुटलेलं होतं.

"जीवनकाकांनी तोडलं," तो म्हणाला. "सकाळी इथंच कॉलर धरली, सगळ्यांसमोर. चोर म्हणाले. सात वर्षं मी त्यांच्या घरी जेवलोय मॅडम."

"तू माउथपीस मागितला होतास."

"मागितला होता. वाजवायला नाही, जवळ ठेवायला. मास्तरांचा माउथपीस मला झेपतच नाही. फार रुंद आहे. अर्ध्या तासात ओठ गळून जातात. मी माझाच वापरतो."

शुभांगी त्याच्या ओठांकडे बघत होती. बोटाकडे एक नजर टाकून अंगठीचं माप सांगणं हा तिचा रोजचा उद्योग होता. गिऱ्हाइकं तिच्याशी पैजा लावायची आणि हरायची. मनोजच्या ओठांवर एक फिकट, कोरडी, घट्टे पडल्यासारखी कडी होती. सोळा, तिने मनात म्हटलं. साडेसोळाच्या वर नाही. आणि ती कडी वर्षांची होती, आठवड्याची नव्हती.

"मास्तर गेल्यावर तू हॉलमध्ये एकटा कधी होतास?"

त्याने मान खाली घातली. "तेराव्याला. सगळे जेवायला वर गच्चीवर होते. मी कॉर्नेटची पेटी उघडली, थोडं रडलो आणि बंद केली."

"पेटीत काय होतं?"

"कॉर्नेट. आणि कप्प्यात मास्तरांचा जुना माउथपीस, काळा पडलेला."

"नक्की होता?"

"हातात घेतला होता मी. आठवड्याने त्यांनी ती पेटी मला पाठवली. उघडून बघतो तर कप्पा रिकामा. तृप्तीताईने काढून घेतला असेल असं वाटलं, म्हणून मी काही बोललो नाही."

शुभांगीने ग्लास खाली ठेवला. तृप्तीला जुन्या माउथपीसचा पत्ताच नव्हता. असता तर आज दुकानात ती एवढी गोंधळली नसती.

"पेटी तुझ्याकडे कुणी आणून दिली?"

"जीवनकाकांनी," मनोज म्हणाला.

५

पेठ रोडवरच्या त्या चाळवजा इमारतीचे जिने चढताना शुभांगीच्या डोक्यात जीवन होता. पेटी त्याच्या हातून गेली होती. आरडाओरडा सगळ्यात जास्त त्याचाच होता. पहिल्यांदा दुकानावर ठपका ठेवला, मग मनोजवर. एखाद्या चोराने असंच केलं असतं. पण त्या दांडीवरचे ओरखडे जीवनशी काही केल्या जुळत नव्हते, आणि वस्तू खोटं बोलत नाही यावर तिचा भरवसा होता.

दुसऱ्या मजल्यावर एक तरुण बाई दारातच उभी होती. निकिता, गांगुर्ड्यांची शेजारीण.

"तुम्ही सोसायटीकडून आलात का? पाइपसाठी?"

"कसला पाइप?"

"अहो, महिना झाला, दुपारी भिंतीतून घुंईऽऽ घुंईऽऽ असा आवाज येतो. पाण्याच्या पाइपात हवा भरली असेल. माझं बाळ दचकून उठतं. आत्ता, दहा मिनिटांपूर्वीच थांबला."

"मी पाइपवाली नाही," शुभांगी म्हणाली, आणि पलीकडचं दार वाजवलं.

दार उघडायला जरा वेळ लागला. नवसाबाई, मास्तरांच्या पत्नी, साठीच्या आसपासच्या, ठेंगण्या आणि शेलाट्या होत्या. पदराचं टोक त्यांनी तोंडाशी धरलं होतं. घरात तृप्तीच्या प्रवासाच्या दोन मोठ्या बॅगा उघड्या पडल्या होत्या. तृप्ती थर्मल कपडे आणायला गेली होती; येताना ती जीवनलाही घेऊन येणार होती.

"बसा. च्या टाकते," पदराआडूनच त्या म्हणाल्या.

स्वयंपाकघर हॉललाच लागून होतं. मांडणीवर तांब्या-पितळेची भांडी ओळीने लावलेली: दोन तांबे, एक घागर, परात, देवाची ताम्हणं. एकेक भांडं आरशासारखं लखलखत होतं. मोरीच्या कट्ट्यावर एका वाटीत भिजवलेली चिंच होती, बाजूला राखेचा डबा आणि नारळाच्या काथ्याचा चोथा.

शुभांगीने बराच वेळ त्या वाटीकडे बघितलं.

चहा आला. नवसाबाईंनी बशीत ओतून घोट घेतला आणि "स्स" करून बशी खाली ठेवली. चहा काही तेवढा कढत नव्हता. शुभांगीने तो केव्हाच अर्धा संपवला होता. बशी ठेवताना पदर सुटला.

नवसाबाईंच्या ओठांवर एक लालभडक, गोल कडी उमटलेली होती. ताजी. आजूबाजूची कातडी मऊ, घट्ट्याचं नाव नाही. ज्याला फुंकर कशी घालायची ते माहीत नाही आणि म्हणून जो नुसतंच दाबत राहतो, अशा माणसाच्या ओठावर उमटावी तशी.

सतरा, शुभांगीने मनात म्हटलं. पुरती सतरा.

तिने कपबशी बाजूला ठेवली आणि हळूच विचारलं, "किती दिवस झाले, काकू, शिकताय?"

६

नवसाबाईंनी पदर पुन्हा तोंडाशी नेला. मग नको म्हणून सोडून दिला. उठून त्या मांडणीपाशी गेल्या, घागरीत हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेला माउथपीस आणून शुभांगीच्या समोर ठेवला.

"महिना झाला असंल. तुम्हाला कसं कळलं?"

"तुमच्या चिंचेवरून. दांडीत चिंचेचा धागा अडकला होता. बँडमधलं कुणीही मुलाम्याला चिंच आणि राख लावणार नाही. जीवनभाऊ तर मेले तरी लावणार नाहीत. ज्याला पितळ म्हणजे तांब्या आणि घागर एवढंच ठाऊक, त्याचंच हे काम. तुमची भांडी बघितली आणि उलगडा झाला. बाकीचं तुमच्या ओठांनी सांगितलं."

"काळं व्हतं ते. तसंच थैलीत ठेवलं असतं तर तिला कळलं असतं. म्हणून पेटी मनोजकडं जायच्या आधी काढून घेतलं आन् घासलं." त्यांनी हात मांडीवर ठेवले. "रोज चारला ते नुसता एवढाच तुकडा वाजवायचे बाई. ओठ तयार ठेवायला. त्याला ना सूर ना ताल, नुसतं घुंई घुंई. मी लय करवादायची त्यांच्यावर. आता चार वाजले का घर खायला उठतं. तृप्ती म्हणाली, आई, याचं गळ्यातलं करते. मी म्हणले, बरं. काय म्हणणार? त्यांनी तिलाच दिलं व्हतं, मला नाय. पण कापलं का ते पुन्हा वाजायचं नाय ना."

"तिला सांगितलं असतंत तर तिने कापलं नसतं."

"म्हणूनच नाय सांगितलं. ती लगेच ठेवून गेली असती. मग तिकडं परक्या मुलखात तिच्याजवळ बापाचं काय?"

दार ढकलून तृप्ती आत आली. मागोमाग जीवन, हातात दोन पिशव्या. तृप्तीची नजर आधी माउथपीसवर गेली, मग आईच्या ओठांवर. तिने पिशवी खाली ठेवली, पुढे होऊन माउथपीसमध्ये मधलं बोट घातलं. बोट तळाला टेकलं.

"सापडला? कुणाकडे?" जीवनने विचारलं.

"मी सांगू, की तुम्ही सांगता?" शुभांगी नवसाबाईंना म्हणाली.

नवसाबाईंनी स्वतःच सांगितलं. थोडक्यात, काही न लपवता. ऐकताना तृप्ती रडेल असं शुभांगीला वाटलं होतं. ती रडली नाही, भडकली.

"आई, काकांनी मनोजची कॉलर धरली! भर रस्त्यात चोर म्हणाले त्याला! मॅडमचं नाव चारशे लोकांत खराब झालं. आणि तू गप्प बसलीस?"

"मला आज दुपारच्याला कळलं, जीवन जेवायला आला तवा. धीर नाय झाला गं. सांगणारच व्हते."

"आणि वरून वाजवत बसलीस?"

"आता हे तुला द्यावंच लागणार, म्हणून शेवटचं..." नवसाबाईंनी माउथपीस मुलीकडे सरकवला. "घे. तुझा हाय. आत्ता दे बाईंना, त्या कापून देतील रविवारच्या आत."

शुभांगीने मनातल्या मनात दिवस मोजले. दोन दिवसांत काम होण्यासारखं होतं, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

तृप्ती आईशेजारी टेकली. बराच वेळ तिने तो माउथपीस हातात फिरवला. मग पर्समधून लॉकेट काढलं.

"काका, हा जुना बाबांनी किती वर्षांचे असताना घेतला?"

"बारा," जीवन म्हणाला. त्याचा आवाज कधी नव्हे तो खाली आला होता. "आमच्या आण्णांनी, तुझ्या आजोबांनी, आणून दिला. पहिले सहा महिने नुसती हवा निघायची. आख्खी गल्ली हसायची. पण दादा सोडायचा नाही."

तृप्तीने साखळी गळ्यात घातली आणि मागचा आकडा लावला. "मॅडम, हेच राहू दे. मोठा आईकडे राहील." आईकडे न बघता ती पुढे म्हणाली, "माझा राग गेलेला नाहीये हं. मनोजची माफी तुला मागावी लागेल. काका, तुम्हालाही."

जीवनने मोबाइल काढला. ग्रुपवर काय लिहावं ते त्याला सुचेना. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. शेवटी शुभांगीनेच त्याला सांगितलं, "सरळ लिहा. दुसाने बाईंची चूक नव्हती, माझी होती. बास." त्याने तेवढंच लिहिलं आणि स्वतःच्या मनाने खाली 'मनोजचीही नव्हती' असं जोडलं. मग त्याला फोन लावला. "ये रे घरी," एवढंच म्हणाला, आणि जरा थांबून, "वहिनी बोलावतायत. मीपण. कॉर्नेट घेऊन ये."

अर्ध्या तासाने मनोज आला. तुटक्या बटणाचाच शर्ट, काखेत पेटी. तो दारातच थबकला. जीवन उठला आणि त्याची पेटी आपल्या हातात घेतली. बोलल्या त्या नवसाबाई.

"माझ्यामुळं तुझी शोभा झाली पोरा. चोर मी हाय. ज्या हातानं सात वर्षं तुला जेवायला वाढलं, त्याच हातानं केलं सगळं. मला माफ कर."

मनोजला काय चाललंय ते समजायला वेळ लागला. समजल्यावर त्याने माफीचं काही म्हटलंच नाही. तो त्यांच्या ओठांवरच्या लाल कडीकडे बघत होता, कसबी माणसाने नवख्याच्या हातावरचे फोड बघावेत तसा.

"काकू, एवढं दाबायचं नसतं हो. ओठ फाटेल." त्याने पेटी उघडली, आपला माउथपीस काढून मास्तरांचा बसवला आणि कॉर्नेट त्यांच्या हातात दिलं. "धरा. डावा हात इथं. उजव्या हाताची बोटं या खटक्यांवर. आणि ओठ नुसता टेकवायचा, दाबायचा नाही."

नवसाबाईंनी फुंकलं. नुसती हवा निघाली. पुन्हा फुंकलं, आणि कॉर्नेटमधून एक फाटका, लांबलचक आवाज बाहेर पडला. भिंतीपलीकडे निकिताचं बाळ रडायला लागलं. तृप्ती हसली, आज पहिल्यांदाच.

नवसाबाईंनी कॉर्नेट खाली घेतलं आणि त्यावरचे खटके एकेक करून दाबून बघितले. एक, दोन, तीन. चौथा शोधला. नव्हता.

"बोटं लावायची ती एवढी तीनच?"

"तीनच, काकू."

"बघा की!" त्या म्हणाल्या. "आन् पस्तीस वर्षं मला सांगत व्हते, लय अवघड काम हाय म्हणून."